कागदावर चारशे, डायलवर चारशे एकोणतीस

१९७१ च्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, सुरतेच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात टेबलावर नदीला पूर आला आणि धरण भरून वाहिलं. खोलीत त्या वेळी सात माणसं होती. जीवितहानी झाली नाही. एका परिचराची बढती गेली.

सातांपैकी एक मी होतो. विद्युत विभागात तात्पुरता डेमॉन्स्ट्रेटर. नेमणुकीचा हुकूम सहा महिन्यांचा असे आणि मार्चअखेर व सप्टेंबरअखेर तो वाढवला जाई किंवा जात नसे. बढती गेली ते परिचर सगळ्यांचे आप्पा. खानदेशातून आलेले, एका गिरणीत चौदा वर्षं मागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे मिस्त्री, म्हणून काम केलेले, शिक्षण सातवी. गिरणी बंद पडल्यावर सुरतेत आले आणि महाविद्यालयात चतुर्थ श्रेणीत लागले. फळा पुसणं, चहा आणणं, प्रयोगशाळेची दारं उघडणं आणि बंद करणं ही त्यांची लेखी कामं होती. अलिखित काम एकच होतं, पण विभागात ते दुसऱ्या कोणाला धड येत नव्हतं. ॲनालॉग कॉम्प्युटरचे गुणक लावणं.

हा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी मुंबईहून तीन खोक्यांत आला होता. पहिल्या दसऱ्याला त्याची पूजा झाली. पूजेत तारा खोचायच्या दोन भोकांत कुंकू गेलं. ती दोन भोकं पुढे कधी चालली नाहीत. पाहुण्यांना तो 'विचार करणारं यंत्र' म्हणून दाखवला जाई. तो विचार करत नव्हता. तो आकडेमोडही करत नव्हता. तो नक्कल करत होता. नदीचं पाणी, मोटारीचा वेग, चहाचं निवणं, काहीही असो, त्याच्या जागी यंत्रात विजेचा दाब धरायचा. पाणी वाढलं की दाब वाढतो, पाणी ओसरलं की दाब उतरतो आणि एक पेन कागदावर त्याची रेघ काढत जातं. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर किती परिणाम करते, हे मात्र माणसाला सांगावं लागे. या 'किती'चा आकडा म्हणजे गुणक आणि तो सांगायची सोय म्हणजे पोटेन्शिओमीटर. रेडिओचा आवाज कमीजास्त करायची जी खुंटी असते तिचीच ही शिकलेली बहीण. दहा वेढे फिरणारी, डोक्यावर शून्यापासून हजारापर्यंत आकडे असलेला डायल आणि बाजूला डायल जागच्या जागी अडकवायचा छोटा खटका. आम्ही तिला पॉट म्हणत असू. आप्पा कान म्हणत. "भाऊ, आज कोणते कान पिळायचे?" असं ते सकाळी विचारत.

पॉटमध्ये एक खोड असते. ती पुस्तकात पहिल्याच प्रकरणात दिलेली आहे. पॉट मोकळा असताना डायलवर चारशे लावलं तर त्यातून हजारातले चारशे भाग दाब बाहेर पडतो. पण त्याची तार पुढच्या पेटीत खोचली, की ती पेटी थोडी वीज ओढते, पॉट थोडा दबतो आणि चारशेच्या जागी तीनशे त्र्याहत्तर भागच निघतात. म्हणून आधी तार खोचायची, मग शेजारच्या मीटरची सुई बघत पॉट फिरवायचा आणि खरे चारशे भाग निघाले की थांबायचं. त्या वेळी डायलवर चारशे एकोणतीस दिसतं. दिसू द्यायचं.

एवढी गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना समजायला एक सत्र लागे. काहींना दोन. आप्पांना एक दुपार लागली. मी समजावून सांगत होतो, ते मध्येच म्हणाले, "रुळावर गुंडाळलेल्या ताण्याचा, उभ्या सुताचा, ताण बघून काय उपयोग, भाऊ? ताणा मागावर चढवा, माग चालू करा, मग हात लावून बघा. गिरणीत नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी हीच चूक करतो."

त्यानंतर गुणक तेच लावू लागले. मला एका पॉटला दहा मिनिटं लागत, कारण सुई हव्या त्या आकड्याभोवती डुलत राही आणि मी तिच्यामागे धावत असे. आप्पांना मिनिटभर पुरे. आठही पॉट लावून झाले की ते प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवत. त्यावर तीन गोष्टी असत: कोणत्या भोकात तार आहे, सुईचा आकडा आणि डायलचा आकडा. अक्षर वळणदार नव्हतं, पण वाचता येई.

त्या वर्षी विभागात प्रयोगशाळा सहायकाची एक जागा निघाली होती. पात्रता मॅट्रिक. पण नियमांत एक पोटकलम होतं. पाच वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या परिचराला पाहणी समितीनं प्रत्यक्ष काम बघून शिफारस दिली, तर मॅट्रिकची अट शिथिल करता येईल, मात्र वय पंचेचाळीसच्या आत हवं. आप्पांना नोकरीत सहा वर्षं झाली होती. पंचेचाळीस त्यांना येत्या जूनमध्ये पूर्ण होणार होती. समिती वर्षातून एकदाच येई. म्हणजे जानेवारीतली ही पाहणी पहिली आणि शेवटची. अर्ज मी लिहून दिला. 'सध्या करीत असलेले काम करण्याची परवानगी मिळावी' असं त्याचं सार होतं.

समिती नेहमी जानेवारीतच येत असे. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं, परीक्षा एप्रिलमध्ये असतात, जानेवारीचा दोहोंशी संबंध नाही. जानेवारीत तापीकाठी पोंक मिळतो. कोवळ्या ज्वारीचा भाजलेला हुरडा, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव. कार्यक्रमपत्रिकेत विभागाच्या पाहणीला चाळीस मिनिटं होती आणि 'स्थानिक भेटी'ला अडीच तास.

आमचे विभागप्रमुख बडोद्याचे मराठी. स्वच्छ कपडे, स्वच्छ उच्चार, स्वच्छ फायली. आदल्या वर्षीच्या पाहणीत नोंदवहीत स्टुलं चोवीस आणि खोलीत तेवीस निघाली होती. त्या एका स्टुलाचा खुलासा ते पुढे वर्षभर लिहीत होते. एकूण सात पत्रं गेली. स्टूल सापडलं नाही, पण सरांना एक तत्त्व सापडलं. जे कागदावर आहे ते वस्तूवर दिसलं पाहिजे.

या वेळी समितीला काय दाखवायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. अडुसष्टच्या पुराचं पाणी शहरात सगळ्यांनीच पाहिलं होतं, तेव्हा पूरच दाखवायचा. गणित सोपं होतं. वरून नदीचं पाणी येतं, धरणात साठतं, दारांतून खाली सुटतं. येणाऱ्या पाण्याचा गुणक नऊशे पन्नास, सुटणाऱ्या पाण्याचा चारशे, बाकीचे सहा गुणक पुराचा चढउतार ठरवायला. यंत्राची मर्यादा दहा व्होल्टची. दहा म्हणजे धरणाचा काठ. सरांनी आकडे असे बसवले होते की पाणी नऊ पूर्णांक सहापर्यंत चढावं, तिथे थोडं रेंगाळावं आणि उतरावं. "काठोकाठ," ते म्हणायचे, "पण थेंब बाहेर नाही." मी सुचवलं होतं की सात-आठवरच ठेवू या. ते म्हणाले, "सात-आठला कोण टाळी देतं?"

बुधवारी सकाळी आप्पांनी आठही गुणक सुईवर लावले. आम्ही पूर तीनदा सोडला. तिन्ही वेळा पेन नऊ पूर्णांक सहाला थांबून उतरलं. दुपारी तीन वाजता सर मुख्य कारकुनांना घेऊन जुळणीला आले. मुख्य कारकून सुरतीच होते, गुजरातीत बोलत. हातात गुणकांचा सायक्लोस्टाइल केलेला तक्ता.

"आप्पा, हा तिसरा डायल वाच."

"चारशे एकोणतीस, सर."

"तक्त्यात?"

"चारसो, साहेब," मुख्य कारकून म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी डायल स्वतः पाहिला. "आ ओगणत्रीस शेना छे?"

"तेच विचारतोय. हे एकोणतीस कुठून आले?"

मी सांगितलं. तार, पुढची पेटी, ओढली जाणारी वीज, सुई. सरांनी सगळं ऐकलं. ते सुशिक्षित गृहस्थ होते आणि पुस्तकाचं ते पहिलं प्रकरण त्यांनी स्वतः अनेक वर्षं शिकवलं होतं.

"म्हणजे डायल खोटं बोलतो?"

"खोटं नाही सर. त्याच्यावर भार आहे."

"भार पडला की कोणीही थोडं खाली बसतं, सर," आप्पा म्हणाले. "आपणही एकोणतीस जास्त धरून चालायचं."

"आप्पा, तू थांब." सर माझ्याकडे वळले. "भार पडल्यावर आकडा बदलतो, मान्य. पण समिती भार बघत नाही. समिती आकडा बघते. उद्या अध्यक्षांनी हा कागद हातात धरला आणि डायल वाचला, तर मी त्यांना एकोणतिसांचं काय सांगू? अजून त्या स्टुलाचं उत्तर पोचायचंय."

"तक्त्यात अजून एक रकाना घालू या, सर. डायलवरचा आकडा म्हणून."

"तक्ता सायक्लोस्टाइल झालाय. बारा प्रती. प्राचार्यांची सही झालीय."

"मग निदान चिठ्ठ्या तरी..."

"चिठ्ठ्या काढायच्याच आहेत. यंत्र आहे की दवाखान्यातल्या बाटल्या?"

त्यानंतर सरांनी खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली आणि आठही डायल स्वतःच्या हातानं तक्त्याप्रमाणे फिरवले. मुख्य कारकून मोठ्यानं आकडा वाचत, सर फिरवत आणि खटका लावत. तिसरा चारशे एकोणतीसवरून चारशेवर आला. पहिला नऊशे एकसष्टवरून नऊशे पन्नासवर. प्रत्येक डायलला मुख्य कारकून लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करत होते. आठ खुणा झाल्या. चिठ्ठ्या आप्पांनीच काढल्या आणि खिशात ठेवल्या.

"आता कोणी हात लावायचा नाही," सर म्हणाले आणि प्रयोगशाळेची किल्ली घेऊन गेले.

जिन्यात मी आप्पांना म्हटलं, "सकाळी लवकर येऊ. किल्ली मिळाली की आठ मिनिटांचं काम आहे."

"किल्ली मिळनार नही, भाऊ," ते म्हणाले.

किल्ली मिळाली नाही. गुरुवारी अकराला दहा मिनिटं असताना सर समितीबरोबरच आले आणि कुलूप त्यांनीच उघडलं. समितीत तिघे होते. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य, दुसरे एक स्थापत्य अभियंता. तिसऱ्या सदस्यांचा विषय मला शेवटपर्यंत कळला नाही. त्यांनी संपूर्ण पाहणीत एकच प्रश्न विचारला, पोंक नदीच्या या काठाला चांगला की त्या.

अध्यक्षांनी तक्ता हातात घेतला आणि डायल वाचायला सुरुवात केली. इथे सरांचा अंदाज अचूक होता. "नऊशे पन्नास. नऊशे पन्नास. वा. चारशे. चारशे. वा." आठही जुळले. अध्यक्ष म्हणाले की इतकी चोख जुळणी त्यांनी गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती. सरांनी मान लववली.

आप्पा पुढे झाले. "साहेब, दोन मिनिटं द्या. सुई बघून घेतो."

"समितीसमोर खटपट नको," सर हळू आवाजात म्हणाले. मग मोठ्यानं, "हे आमचे परिचर. गुणक लावायचं काम यांच्याकडे असतं. अर्ज आपल्या फायलीत आहेच."

अध्यक्षांनी आप्पांकडे पाहून मान हलवली. फाईल उघडून त्यांनी अर्जावर बोटही ठेवलं. मग सरांनी पुरावर चार मिनिटं भाषण केलं, "काठोकाठ, पण थेंब बाहेर नाही" या वाक्यावर ते संपवलं आणि बटण दाबायची विनंती अध्यक्षांना केली.

पेन चढू लागलं. पाच, सहा, सात. स्थापत्य अभियंता पुढे वाकले. आठ. नऊ. सरांचा हात टाळीच्या तयारीत होता. नऊ पूर्णांक सहाला पेन थांबलं नाही. येणारं पाणी थोडंसंच घटलं होतं, पण दारांतून सुटणारं पाणी बरंच घटलं होतं, कारण तिथे चारशेच्या नावाखाली तीनशे त्र्याहत्तर चालू होतं. उरलेलं पाणी धरणातच साठत होतं. दहाला पेन कागदाच्या कडेला जाऊन आपटलं, यंत्रावरचा लाल दिवा लागला आणि भोंगा वाजू लागला. हा भोंगा बंद कसा करायचा हे खोलीत फक्त आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी तो बंद केला.

पहिले बोलले ते स्थापत्य अभियंता. "धरणाची उंची कमी पडतेय," ते म्हणाले. "निदान दोन फुटांनी." वर नदीवर खरं धरण बांधलं जात होतं. टेबलावरचं धरण कल्पित होतं आणि त्यात एक फूट म्हणजे किती हे कोणीही ठरवलं नव्हतं. त्यांनी वहीत टिपून घेतलं.

"हे असं कसं झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

सर म्हणाले, "गुणकांत काही तरी गडबड दिसते."

"गुणक कोणी लावले?"

"परिचरानं."

सगळे आप्पांकडे वळले. अध्यक्ष सज्जन होते, आवाज चढवत नसत. "तुम्ही लावले?"

"लावले मीच होते, साहेब. पण मी लावलेलं इथं चारशे एकोणतीस होतं." आप्पांनी तिसऱ्या डायलकडे बोट केलं. "हे चारशे मी लावलेलं नाही."

अध्यक्षांनी तक्ता पाहिला, डायल पाहिला, पुन्हा तक्ता पाहिला. "तक्त्यात चारशे आहे."

"हो, साहेब."

"आणि तुम्ही चारशे एकोणतीस लावलं होतं."

"हो. सुई बघून लावलं होतं."

"आणि मग हे चारशे कोणी केलं?"

"सरांनी."

"म्हणजे," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "तुम्ही चुकीचं लावलं होतं आणि सरांनी ते दुरुस्त केलं."

गिरणीत आप्पांवर बरेच आरोप झाले असतील, पण बहुधा असा नाही, ज्यात त्यांचाच प्रत्येक शब्द खरा होता. त्यांनी खिशात हात घातला, चिठ्ठ्या काढल्या आणि अध्यक्षांपुढे धरल्या. अध्यक्षांनी वरची वाचली. तिच्यावर चारशे एकोणतीस होतं. "हं," ते म्हणाले. "इथेही तेच आहे." ती चिठ्ठी त्यांनी पुरावा म्हणून फायलीत लावली.

मग ते मला म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "तक्त्यात चारशेच आहे, सर."

माझं विधान एवढंच होतं. ते बरोबर होतं. माझ्या हुकुमाची मुदत मार्चअखेर संपत होती.

अकरा वाजून तीस मिनिटांनी समिती स्थानिक भेटीला गेली. सर त्यांच्याबरोबर गेले. मुख्य कारकून खुर्च्यांवरचे पांढरे अभ्रे गोळा करायला मागे थांबले. आप्पांनी मला विचारलं नाही. एकेक खटका सैल केला, सुई पाहिली, पॉट फिरवला, खटका लावला. आठ पॉट, नऊ मिनिटं. मग त्यांनी बटण दाबलं. पेन नऊ पूर्णांक सहाला गेलं, थोडं रेंगाळलं आणि उतरलं. थेंब बाहेर गेला नाही.

मुख्य कारकून अभ्रे काखेत धरून शेवटपर्यंत बघत उभे होते. "हवे बराबर छे," ते म्हणाले. "पण अहेवाल तो लखाई गयो."

समितीचा अहवाल खरोखरच लिहून झाला होता. मसुदा बुधवारीच टाइप झाला होता, फक्त दोन ओळींची जागा मोकळी होती.

मुख्य कारकून गेल्यावर आप्पांनी कागदावरची रेघ फाडून घेतली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. सरांशी आणि समितीशी ते मराठीत बोलत. माझ्याशी एकटे असले की कधीकधी घरची अहिराणी येई.

"भाऊ, तू खोटं बोलना नही," ते म्हणाले.

खोटं मी बोललो नव्हतो. मी घडी खिशात ठेवली.

"खरं भी बोलना नही."

मग ते चहाचे कप गोळा करायला गेले. समितीचे कप धुवायचे होते.

त्या दुपारी मी यंत्राच्या नोंदवहीत दोन्ही वेळचे आकडे लिहिले. डायल चारशे, सुई तीनशे त्र्याहत्तर, धरण भरून वाहिलं. डायल चारशे एकोणतीस, सुई चारशे, पाणी नऊ पूर्णांक सहा. खाली सही केली. या वहीची तपासणी होत नसे, हे मला माहीत होतं.

फेब्रुवारीत अहवाल आला. विभागाच्या अभिलेखांची आणि उपकरणांची जुळणी आदर्श असून इतर विभागांनी तिचं अनुकरण करावं, असं त्यात होतं. परिचराच्या अर्जाविषयी दोन ओळी होत्या. अर्जदारानं तक्त्यापेक्षा वेगळे गुणक लावल्याचं स्वतः मान्य केलं आहे, सबब शिफारस करता येत नाही. आठवड्याभरात सरांचं परिपत्रक निघालं: चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनी यंत्राच्या डायलला हात लावू नये. ते फलकावर लावायचं काम आप्पांचं होतं. त्यांनी ते चार टाचण्या मारून सरळ लावलं.

मार्चअखेर माझा हुकूम सहा महिन्यांनी वाढला. शेऱ्यात 'काम समाधानकारक' होतं.

त्या सत्रापासून गुणक तक्त्याप्रमाणे डायलवर लावले जाऊ लागले. विद्यार्थ्यांची उत्तरं शेकड्याला सहा-सात चुकू लागली. जर्नलमध्ये त्याला 'प्रायोगिक त्रुटी' असं नाव दिलं गेलं आणि तिची कारणं लिहायला दोन गुण ठेवले गेले. विद्यार्थी तपमान, दमटपणा आणि विजेच्या दाबातले चढउतार अशी कारणं लिहीत. त्यांना गुण मिळत. एकानं 'डायल' असं लिहिलं होतं. त्याला मी पूर्ण गुण दिले. सरांनी ते कमी केले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आप्पांनी राजीनामा दिला. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. कारण दिलेलं नव्हतं आणि ते कोणी विचारलंही नाही. सुरतेजवळच उधन्याला कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात त्यांना बारा मागांवर जॉबरचं काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी दारांच्या किल्ल्या मोजून माझ्या ताब्यात दिल्या आणि पोच घेतली.

सहायकाची जागा सप्टेंबरात जाहिरात देऊन भरली. निवडलेला तरुण मॅट्रिक होता, विज्ञान घेऊन, आणि कामसू होता. डिसेंबरात समितीचं पत्र आलं. अध्यक्षांनी लिहिलं होतं की या वेळी पूर 'न सांडता' पाहायला आवडेल. सरांनी मला बोलावलं.

"मागच्या वर्षी त्या आप्पानं किती लावलं होतं?"

"चारशे एकोणतीस, सर."

"मग तेच लावा."

"आणि तक्ता?"

"तक्ताही चारशे एकोणतीसचाच करा. जुळलं पाहिजे ना."

तक्ता पुन्हा सायक्लोस्टाइल झाला. सहायकानं आठही डायल जुन्या नोंदवहीतून काढलेल्या आकड्यांवर लावले, पण तिसऱ्या पॉटची तार शेजारच्या भोकात खोचली. तिथे तेच पाणी दहापट धरलं जातं आणि भारही वेगळा असतो. धरण भरण्याआधीच रिकामं होऊ लागलं. पेन जेमतेम दीडपर्यंत चढलं आणि पडलं. सर तक्ता आणि डायल आळीपाळीनं बघत राहिले. दोन्हीवर चारशे एकोणतीस होतं.

"भोक बदला आणि सुई बघून लावा, सर," मी म्हणालो.

"तुम्ही लावाल?"

मी दोन दिवस लावत होतो. पाणी एकदा नऊ पूर्णांक एकला थांबलं, एकदा नऊ पूर्णांक नऊला, एकदा भोंगा वाजला. वर्षभर तक्त्याच्या त्याच आठ जागी पुन्हा पुन्हा आणून अडकवल्यामुळे पॉटच्या आतली तार त्या आसपास झिजली होती आणि पॉट तिथून जाताना सुई उडी मारत होती.

तिसऱ्या दिवशी सरांनी एक पत्र तोंडी सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. पत्र आप्पांना होतं. परिचरानं डायलला हात लावायचा नाही हे परिपत्रक अजून लागू होतं, त्यामुळे त्यांना परिचर म्हणून बोलावता येत नव्हतं. पत्रात त्यांचा उल्लेख 'बाहेरील तज्ज्ञ' असा होता. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता यंत्राचे गुणक लावण्यासाठी मार्गदर्शन करावं, अशी विनंती होती. सुरुवात 'माननीय महोदय' अशी होती. सरांनी सही केली आणि पत्र रजिस्टर्ड टपालानं उधन्याला पाठवलं.

रविवारी सर पावणेदहाला आले. सहायक आला होता. मी होतो. चहा मागवून ठेवला होता. आम्ही एक वाजेपर्यंत थांबलो.

सोमवारी टपालात पोचपावती परत आली. तिच्यावर आप्पांची सही होती आणि शुक्रवारची तारीख होती.